वणव्यावरील रसायने आणि ओढ्याचे पाणी : अमेरिकी अनुभवाचा इतिहास

अरण्यातील वणव्याच्या वाटेवर विमानातून जी तांबडी रसायने ओतली जातात ती माती, पाणी आणि जीवसृष्टी यांना कितपत निर्धोक आहेत, हा प्रश्न सामान्यतः रसायनशास्त्राचा अथवा वनविद्येचा समजला जातो. तो तसा आहेही. परंतु त्याला एक दुसरी बाजू आहे आणि ती इतिहासाच्या अभ्यासकाने पाहावयाची आहे. एखादा पदार्थ अपाय करतो हे प्रयोगशाळेत कळणे, आणि त्या कळण्याचे रूपांतर वैमानिकावर बंधनकारक असलेल्या नियमात होणे, या दोन घटनांमध्ये किती काळ जातो व तो कोणत्या कारणांनी जातो, हा शोध रसायनशास्त्राच्या कक्षेत येत नाही. प्रस्तुत लेखात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील वनखात्याचा या बाबतीतला सुमारे सत्तर वर्षांचा अनुभव तपासला आहे. तोच निवडण्याचे कारण असे की, या रसायनांचा तेथील वापर फार मोठा आहे. शिवाय त्यांसंबंधीचे वाद न्यायालयात गेल्यामुळे एरवी फायलींत राहिल्या असत्या अशा पुष्कळ गोष्टी उघड्यावर आल्या आहेत.

प्रथम या पदार्थांचे कार्य नेमके कोणते, हे स्पष्ट केले पाहिजे. कारण त्याविषयी एक गैरसमज सार्वत्रिक आहे. ही रसायने वणवा विझवीत नाहीत. ती वणव्याच्या पुढे, अद्याप न पेटलेल्या गवतावर व झुडुपांवर पट्ट्यांच्या रूपाने टाकली जातात. आपल्याकडे वनखाते उन्हाळ्यापूर्वी ज्या जाळरेषा काढते, त्यांच्याशी या पट्ट्यांचे प्रयोजन मिळतेजुळते आहे. आग पट्ट्याशी येऊन मंदावते, आणि तेवढ्या अवधीत जमिनीवरील माणसांनी तिला गाठावयाचे असते. फरक एवढाच की, जाळरेषेत ज्वलनशील द्रव्य काढून टाकले जाते, तर येथे ते जागच्या जागी ठेवून त्याचा जळण्याचा गुण बदलला जातो.

हा गुण बदलण्याचे तत्त्व जुने आहे. नाट्यगृहांतील आगींनी पॅरिस हैराण झालेले असताना फ्रेंच रसायनज्ञ गे-ल्यूसॅक याने राजाज्ञेवरून कापडाच्या अग्निरोधनाचा अभ्यास केला आणि अमोनियमचे फॉस्फेट, क्लोराइड हे क्षार व टाकणखार यांची मिश्रणे त्या कामी उपयुक्त असल्याचे १८२१ मध्ये दाखवून दिले. पुढच्या काळात कॅलिफोर्नियाच्या डोंगरांवर जे ओतले गेले, त्याची मूलद्रव्ये या यादीत जवळजवळ सगळी आहेत. अमोनियम फॉस्फेट तापले म्हणजे अमोनिया उडून जातो व फॉस्फरिक आम्ल मागे राहते. हे आम्ल वनस्पतीतील सेल्यूलोजमधून पाणी काढून घेते, आणि पेट घेणाऱ्या वायूंच्या ऐवजी कोळसा व वाफ तयार होते. म्हणजे पट्ट्यातील पाणी सुकून गेले तरी क्षाराचे काम चालू राहते. नुसत्या पाण्यावर या मिश्रणाची सरशी होते ती या कारणाने.

रसायन जुने असले तरी ते डोंगरावर नेण्याचे साधन नवे होते, आणि ते युद्धाने दिले. १९४७ मध्ये वनखात्याने हवाई दलाच्या साह्याने मोंटाना राज्यात लढाऊ व बाँबफेकी विमानांतून पाण्याचे बाँब टाकून पाहिले. ९ जुलै १९५३ रोजी कॅलिफोर्नियातील मेंडोसिनो राष्ट्रीय अरण्यात वाऱ्याने एकाएकी दिशा बदलली आणि रॅटलस्नेक नावाने ओळखल्या जाणाऱ्या वणव्यात पंधरा माणसे होरपळून मेली. पुढच्याच वर्षी, १९५४ मध्ये, कॅम्प पेंडल्टन या लष्करी तळावर ‘ऑपरेशन फायरस्टॉप’ नावाची प्रयोगमाला झाली व तीत विमान आणि रसायन या दोहोंची परीक्षा एकत्र करण्यात आली. ऑगस्ट १९५५ मध्ये त्याच मेंडोसिनो अरण्यात व्हान्स नोल्टा या वैमानिकाने एका जुन्या दुपंखी स्टिअरमन विमानातून वणव्यावर पहिला उपयुक्त मारा केला. हे विमान विलोज या गावचे, शेतीकामातले. त्याच्या पोटात १७० गॅलनांची टाकी बसविली होती. त्या वेळी टाकीत केवळ पाणी होते. पाण्याच्या जागी रसायन यावयास फार दिवस लागले नाहीत.

ज्या रसायनाची प्रथम निवड झाली ते सोडियम कॅल्शियम बोरेट होय. त्याचा दाट राळा वनस्पतीवर चांगला चिकटून बसे, आणि १९५६ पासून त्याचा वापर इतका वाढला की, या विमानांना ‘बोरेट बाँबर’ हे नावच पडले. परंतु बोरेट ज्या डोंगरउतारावर पडे तेथे पुढे काही उगवेना. बोरॉन हे वनस्पतींना अत्यल्प प्रमाणात आवश्यक असलेले मूलद्रव्य आहे. त्या प्रमाणाच्या थोडे वर गेले की ते विष होते, आणि तणनाशक म्हणून बोरेटांचा उपयोग त्यापूर्वीही होत असे. जंगल वाचविण्यासाठी जंगलाच्या मातीवर तणनाशक ओतले जात आहे, हे कळावयास दोन-तीन हंगाम पुरले. शिवाय हा राळा जड, तळाशी बसणारा व पंप झिजविणारा होता. बोरेट मागे पडले ते या दोन्ही दोषांमुळे. पंपांचा त्रास नसता आणि केवळ मातीचीच तक्रार असती तर ते इतक्या लवकर गेले असते की काय, अशी शंका प्रस्तुत लेखकास वाटते. ‘बोरेट बाँबर’ हे नाव मात्र लोकांच्या तोंडी पुढे कित्येक वर्षे राहिले. नाव टिकते आणि पदार्थ बदलतो, याचा परिणाम असा होतो की, जुन्या पदार्थावरचा आक्षेप नव्यास लागू नाही हे सांगण्यातच सगळी शक्ती खर्च होते, आणि नव्यावरचा स्वतंत्र आक्षेप शोधावयाचा राहून जातो. पुढचा इतिहास बराचसा या एका वाक्यात येतो.

मधल्या काळात बेंटोनाइट मातीचा राळा वापरून पाहिला गेला. परंतु मातीचे काम पाणी धरून ठेवण्याचे, ते सुकले की संपले. १९६० च्या सुमारास अमोनियमच्या सल्फेट व फॉस्फेट क्षारांनी जागा घेतली आणि ‘फायर-ट्रोल’ व ‘फॉस-चेक’ ही व्यापारी नावे रूढ झाली. या मिश्रणांत क्षाराखेरीज तिघांचा समावेश असे : वैमानिकास पट्टा दिसावा म्हणून लोहभस्माचा तांबडा रंग, विमानाच्या व टाक्यांच्या धातूस गंज चढू नये म्हणून गंजरोधक, आणि द्रावण हवेत फुटून विखरू नये म्हणून दाटपणा आणणारा पदार्थ. या शेवटच्या कामी काही प्रकारांत गवारीच्या बियांचा डिंक वापरतात. राजस्थानच्या कोरडवाहू शेतातील गवार ही अशा रीतीने अमेरिकेच्या पर्वतांवर जाऊन पोहोचली, हे सहज सांगण्याजोगे आहे.

अमोनियम फॉस्फेटाच्या बाजूने एक युक्तिवाद आरंभापासून केला गेला व तो फार प्रभावी ठरला : हे तर शेतकऱ्याचे खतच आहे. बोरेटाने जमीन नापीक केली होती. हा पदार्थ तिला सुपीक करणार. युक्तिवाद खोटा नव्हता. परंतु खत हे गुणवाचक नाव नसून उपयोगवाचक नाव आहे, हे त्यात दृष्टिआड झाले. जो पदार्थ शेतात खत असतो, तोच ओढ्यात काय असतो, हा प्रश्न विचारला गेला नाही. आणि ज्या जमिनीला खत नकोच आहे तिच्यावर त्याचे काय होते, हाही नाही.

ओढ्याचा प्रश्न प्रथम घेऊ. पाण्यात अमोनियम क्षार विरघळला की त्याचा काही अंश मुक्त अमोनियाच्या रूपात येतो. हा मुक्त अमोनिया माशांच्या कल्ल्यांतून शरीरात शिरतो व त्यांस मारतो. अमोनियम आयन त्या मानाने पुष्कळच निरुपद्रवी आहे. दोहोंचे प्रमाण पाण्याचा सामू व तापमान यांवर ठरते. पाणी जितके अल्कधर्मी व जितके उबदार, तितका मुक्त अमोनिया अधिक. आता वणव्याच्या दिवसांतील डोंगरी ओढा डोळ्यांपुढे आणावा. उन्हाळा सरत आलेला, धार क्षीण झालेली, काठची सावली जळून गेलेली, वर अल्कधर्मी राख पडत असलेली. त्या वेळी काही हजार गॅलन द्रावण एकदम पडले तर ते विरळ करावयास पाणी सर्वांत कमी, आणि विष प्रबळ व्हावयास परिस्थिती सर्वांत अनुकूल असते.

हे ज्ञान आजचे नाही, आणि प्रस्तुत विवेचनाचा गाभा येथे आहे. १९७७ साली मिसुरी राज्यातील कोलंबिया येथील मत्स्यसंशोधन प्रयोगशाळेने या रसायनांची गोड्या पाण्यातील मासे व एक लहान कवचधारी प्राणी यांवरील तीव्र विषबाधा मोजून प्रसिद्ध केली. १९७८ साली लोगन नॉरिस व त्यांचे सहकारी यांनी प्रत्यक्ष अरण्यातील ओढ्यांत या रसायनांचे वर्तन कसे होते, याचा अभ्यास प्रसिद्ध केला. अमोनिया हाच मुख्य घातक घटक. मारा थेट पाण्यात पडला तर धोका मोठा. काठावर पुरेसा पट्टा मोकळा सोडला तर तो बहुतांशी टळतो, हे सर्व त्या दशकाच्या अखेरीस लिहिले गेले होते. यात वनखात्याशी संबंध असलेले संशोधकही होते. तेव्हा खात्यास कळले नव्हते, असे म्हणण्यास जागा नाही. तथापि जलप्रवाहाच्या दोन्ही बाजूंस ३०० फूट अंतरात मारा टाळावा, अशी सर्व संघीय खात्यांना समान असलेली लेखी मार्गदर्शिका निघाली ती एप्रिल २००० मध्ये. मधे बावीस वर्षे गेली.

ही वर्षे का गेली? दुष्ट हेतूचा आरोप करणे सोपे आहे, पण त्याने उलगडा होत नाही. माझ्या मते कारण ‘आणीबाणी’ या कल्पनेत शोधावे लागते. राष्ट्रीय पर्यावरण धोरणाचा कायदा १९७० च्या आरंभी अमलात आला. लुप्तप्राय प्रजातींच्या रक्षणाचा कायदा १९७३ चा. एखादा रस्ता काढावयाचा किंवा लाकूडतोडीचा ठेका द्यावयाचा तर त्यांनुसार आधी परिणामांचा विचार करून तो लोकांपुढे मांडावा लागे. वणवा मात्र अकस्मात येतो. त्या क्षणी कोणता अहवाल लिहावयाचा? प्रत्येक वणव्यापुरते हे म्हणणे बिनतोड आहे. परंतु दरवर्षी, त्याच महिन्यांत, आधी खरेदी करून तळांवर भरून ठेवलेले रसायन वापरावयाचे असेल तर त्या एकंदर व्यवहारास आकस्मिक कसे म्हणावे? प्रत्येक मारा आकस्मिक असला तरी माऱ्याचे धोरण आकस्मिक नव्हते. हा भेद पुढे एका न्यायालयाने केला. खात्याने तो आपण होऊन केला नाही.

त्या न्यायालयीन प्रकरणाकडे वळण्यापूर्वी गंजरोधकाची हकिकत सांगितली पाहिजे. काही मिश्रणांत गंजरोधक म्हणून सोडियम फेरोसायनाइड घालीत असत. नावात सायनाइड असले तरी हा संयुग अत्यंत स्थिर. त्यातील सायनाइड लोहाशी घट्ट बांधलेले असते, आणि त्यामुळे तो कमी विषारी मानला जाई. परंतु सूर्यप्रकाशातील जंबुपार किरणांनी हे बंधन तुटते आणि मुक्त सायनाइड पाण्यात येते. प्रयोगशाळेच्या छताखालील दिव्यांत हे किरण जवळजवळ नसतातच. कोलंबियाच्या त्याच संस्थेतील संशोधकांनी १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस मासे व उभयचर यांवरील प्रयोग सूर्यप्रकाशासारख्या उजेडात केले, तेव्हा फेरोसायनाइडयुक्त मिश्रणांचा विषारीपणा पुष्कळ पटींनी वाढलेला आढळला. हे मिश्रण ज्या डोंगरांवर पडावयाचे तेथे ऊन असणार, ही गोष्ट कोणापासून लपलेली नव्हती. ती परीक्षापद्धतीत मात्र आली नव्हती. विषविज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी या प्रकरणाचा वेगळा अभ्यास करावा, अशी शिफारस करावीशी वाटते; कारण येथे मोजमाप चुकले नव्हते, मोजण्याची जागा चुकली होती. वनखात्याने २००० साली हा घटक काढून टाकण्याचे ठरविले, पण साठे व करार संपेपर्यंत आणखी काही हंगाम जावे लागले. २००७ नंतर त्याचा वापर राहिला नाही.

ऑगस्ट २००२ मध्ये ओरेगन राज्यात बेंड शहराजवळ फॉल नदीत एक मारा पडला. ही नदी झऱ्यांच्या पाण्यावर चालणारी, लहान, थंड आणि ट्राउट माशांसाठी प्रसिद्ध आहे. एका माऱ्याने तिच्या काही मैलांतील वीस हजारांहून अधिक मासे मेले. तीनशे फुटांची मार्गदर्शिका निघून तेव्हा दोन वर्षे झाली होती. मार्गदर्शिकेत अपवाद पुष्कळ होते, आणि धुरात ताशी शेकडो मैल वेगाने जाणाऱ्या विमानातून ओढा दिसतोच असे नाही. तेव्हा वैमानिकास दोष देण्यात अर्थ नाही. पण मेलेले मासे दिसतात. पंचवीस वर्षांपूर्वीच्या शोधनिबंधांतील कोष्टकांनी जे घडले नव्हते, ते या दृश्याने घडले. वनखात्याच्याच आजी-माजी कर्मचाऱ्यांनी स्थापलेल्या, पर्यावरणनीतीचा पुरस्कार करणाऱ्या एका संस्थेने २००३ साली मोंटानातील संघीय न्यायालयात फिर्याद केली.

न्यायाधीश डोनाल्ड मोलॉय यांनी २००५ मध्ये निर्णय दिला की, रसायनांच्या वापराचे पर्यावरणीय परीक्षण न केल्याने व प्रजातीरक्षणाच्या कायद्यानुसार सल्लामसलत न केल्याने खात्याने कायद्याचा भंग केला आहे. खात्याने वेळ लावला. तो इतका की, २००८ च्या आरंभी न्यायाधीशांनी कृषी खात्याच्या एका उपसचिवास न्यायालयाच्या अवमानाबद्दल तुरुंगात का टाकू नये, असे विचारले. (अमेरिकेत वनखाते हे कृषी खात्याच्या अखत्यारीत येते, हे वाचकांस ठाऊक असेलच.) तेव्हा परीक्षण सादर झाले, अवमानाची कारवाई टळली, पण परीक्षणच अपुरे म्हणून पुन्हा फिर्याद झाली, आणि २०१० मध्ये तोच निकाल पुन्हा लागला. डिसेंबर २०११ मध्ये खात्याने सविस्तर परिणामपत्रक व नवा निर्णय प्रसिद्ध केला. त्यातील महत्त्वाची गोष्ट नकाशे ही होय. प्रत्येक राष्ट्रीय अरण्यातील जलप्रवाह व दुर्मिळ जीवांची वसतिस्थाने आधीच आखून वर्ज्य क्षेत्रे ठरविण्यात आली आणि मनुष्याचा जीव अथवा सार्वजनिक सुरक्षितता धोक्यात असेल तेवढाच अपवाद ठेवला गेला. म्हणजे ‘हे रसायन सुरक्षित आहे काय?’ या प्रश्नाची जागा ‘ते कोठे पडते?’ या प्रश्नाने घेतली. सत्तर वर्षांतील विचाराची मोठी प्रगती कोणती, असे विचारले तर मी ही दाखवीन.

वर्ज्य क्षेत्रांत स्थळसृष्टीचा समावेश झाला, त्यामागे खताचा दुसरा प्रश्न होता. रुक्ष व नापीक जमिनीवर वाढलेल्या वनस्पतींनी आपले जीवन त्या नापिकीशी जुळवून घेतलेले असते. नत्र व फॉस्फरस एकाएकी मिळाले की त्यांचा लाभ वेगाने वाढणाऱ्या उपऱ्या गवतांना होतो. आणि अशी गवते वाळून पुढच्या वणव्याचे इंधन होतात. ऑस्ट्रेलियातील काही देशी वनस्पतींना तर फॉस्फरस स्वतःच बाधतो. फेसाच्या रसायनांविषयी येथे एवढेच सांगतो की, ती साबणाच्या जातीची असून माशांच्या कल्ल्यांस, समान प्रमाणात घेता, अमोनियम मिश्रणांहूनही अधिक अपायकारक आहेत. मात्र विमानतळांवरील तेलाच्या आगीसाठी वापरल्या जाणाऱ्या फ्लुओरिनयुक्त फेसाशी त्यांची गल्लत करू नये. ती गल्लत वृत्तपत्रांत वारंवार होते.

नकाशांनी वाद संपला नाही. २०१२ ते २०१९ या काळात ७ लाख ६० हजार गॅलनांहून अधिक रसायन थेट पाण्यात पडल्याचे खात्याच्याच आकड्यांवरून दिसून आले. एकूण वापराच्या मानाने हा अंश अगदी लहान, हे खात्याचे उत्तर खरे आहे. मासे मात्र एकूण वापरात राहत नसून एका विशिष्ट ओढ्यात राहतात, हेही तितकेच खरे. २०२२ मध्ये त्याच संस्थेने स्वच्छ जल अधिनियमाखाली फिर्याद केली. या वेळी खात्याच्या बाजूने कॅलिफोर्नियातील पॅरडाइज हे गाव उभे राहिले. नोव्हेंबर २०१८ च्या वणव्यात हे गाव जवळजवळ संपूर्ण जळाले होते आणि त्या वणव्यात ८५ माणसे दगावली होती. फॉल नदीचे मासे एका पारड्यात आणि पॅरडाइजची माणसे दुसऱ्यात, असे चित्र उभे राहिले. २६ मे २०२३ रोजी न्यायाधीश डेना क्रिस्टेन्सेन यांनी परवान्याविना पाण्यात रसायन टाकणे बेकायदेशीर ठरविले. परंतु वापरास मनाई करण्याचे नाकारले व परवाना मिळविण्याचे काम खात्याकडे सोपविले. या निकालास कोणी गुळमुळीत म्हणेल. मला तो प्रश्नाच्या खऱ्या आकाराशी सुसंगत वाटतो. पारड्यांचे चित्र दिसते तितके सरळ नव्हते. दाट वस्तीच्या कडेला टाकलेला पट्टा आणि निर्मनुष्य दरीत टाकलेला पट्टा यांचा हिशेब एक नव्हे. शिवाय या रसायनांनी प्रत्यक्षात किती वणवे अडविले, याची प्रत्यक्ष निरीक्षणावर आधारलेली पद्धतशीर पाहणी वनखात्याने २०१२ मध्ये आरंभली व तिचा अहवाल २०२० मध्ये आला. व्यापक वापर सुरू झाला तो १९५६ मध्ये, हे येथे पुन्हा आठवावे.

२०२४ च्या अखेरीस आणखी एक गोष्ट पुढे आली. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील डॅनिएल मॅकरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी बाजारातील मिश्रणांचे पृथक्करण केले, तेव्हा फॉस-चेकच्या एका फार वापरल्या जाणाऱ्या प्रकारात क्रोमियम, कॅडमियम, व्हॅनेडियम इत्यादी धातू पिण्याच्या पाण्यासाठी ठरविलेल्या मर्यादांच्या ४ ते २,८८० पट आढळले. २००९ ते २०२१ या काळात असे सुमारे ३ लाख ८० हजार किलोग्रॅम विषारी धातू अमेरिकेच्या भूमीवर पडले असावेत, असा त्यांचा अंदाज आहे. द्रावणाची तुलना पिण्याच्या पाण्याशी करणे कितपत योग्य, यावर आक्षेप घेता येईल. परंतु फॉस्फेटाच्या खनिजात कॅडमियम असतेच, आणि खतांच्या संदर्भात हे शेतीतज्ज्ञांना अनेक दशके माहीत आहे. ‘हे तर खतच आहे’ हे वाक्य अशा रीतीने, पूर्वी कोणाच्या मनात नव्हत्या अशा अर्थाने, खरे ठरले.

अमोनियाला पर्याय म्हणून मॅग्नेशियम क्लोराइडचे मिश्रण मधल्या काळात पुढे आले होते. माशांना ते कमी घातक म्हणून त्याचे स्वागतही झाले. परंतु विमानांच्या भागांस गंज चढल्याचे आढळल्याने २०२४ मध्ये वनखात्याने त्याचा नाद सोडला. बोरेटाने पंप झिजविले होते, याने विमाने गंजविली. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या सभोवतालचे डोंगर पेटले तेव्हा समुद्राचे पाणी उचलणारी विमाने व फॉस्फेटाचे मिश्रण टाकणारी विमाने बरोबरीने काम करीत होती. घरांची अंगणे, मोटारी व रस्ते गुलाबी झालेले छायाचित्रांतून जगाने पाहिले, आणि हा रंग कसा धुवावयाचा, ते धुतलेले पाणी कोठे सोडावयाचे, याची विचारणा या वेळी मच्छीमारांनी किंवा जीवशास्त्रज्ञांनी नव्हे, तर घरमालकांनी केली.